स्टार्टअपने पगारी डेव्हलपर कधी घ्यावा?

पहिला डेव्हलपर पगारावर घ्यायचा निर्णय बहुतेक ठिकाणी रागाच्या भरात होतो. सॉफ्टवेअर करून देणाऱ्या एजन्सीने चौथ्यांदा तारीख पुढे ढकललेली असते, ऐन दिवाळीत ॲपवर पेमेंट अडकलेलं असतं, आणि मालक म्हणतो, 'बास झालं, आता आपलाच माणूस ठेवू.' पंधरा दिवसांत ओळखीतून कोणीतरी रुजू होतो. सहा महिन्यांनी एकाऐवजी दोन दुखणी झालेली असतात: एजन्सीचं जुनं आणि नव्या माणसाचं नवं.

एजन्सी वाईट असेल तर एजन्सी बदलावी. त्याला महिना-दीड महिना लागतो आणि खर्चही कमी येतो. माणूस ठेवायचं कारण वेगळं असतं. सॉफ्टवेअरमध्ये दर आठवड्याला काहीतरी बदलावं लागतंय, आणि काय बदलायचं हे ग्राहकाच्या जागेवर जाऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही, अशी वेळ आली की ते ज्ञान बाहेरच्याकडे साठू देणं महागात पडतं. ही वेळ आली की नाही ते तपासायची पद्धत पुढे दिली आहे.

सॉफ्टवेअर हा माल आहे की अवजार?

कोल्हापुरातलीच उदाहरणं घ्या: राजारामपुरीतून चपला ऑनलाइन विकणारे दोघे मित्र, शिरोलीतली फाउंड्री आणि दूध संस्थांसाठी संकलनाचं ॲप करणारी कंपनी, तिघांनाही कोणीतरी 'स्वतःची टेक टीम पाहिजे' असं सांगितलेलं असतं. लागते ती फक्त तिसऱ्याला.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ऑनलाइन विक्रीतली तिची अडचण मात्र मापाची असते: सात नंबर मागवला, तो घट्ट झाला, परत आला. त्यावर उपाय म्हणजे नीट मोजमापाचा तक्ता, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारणं आणि अदलाबदलीचे स्पष्ट नियम. शॉपिफाय किंवा वूकॉमर्ससारख्या तयार दुकानात हे सेटिंगमधून होतं. इथे डेव्हलपर ठेवला तर तो पहिले दोन महिने दुकानाचं रूप बदलत बसेल आणि तिसऱ्या महिन्यात 'सगळं नव्याने लिहू या' म्हणेल. त्याच पैशात चांगला फोटोग्राफर आणि परतीचा माल सांभाळणारा माणूस मिळतो.

फाउंड्रीला हीट नंबर (भट्टीतल्या त्या त्या वितळणीचा क्रमांक), केमिकल रिपोर्ट, रिजेक्शन आणि डिस्पॅच यांचा मेळ लागतो. त्यासाठी तयार ईआरपी (सगळ्या कामकाजाची एकत्र नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि हिशेबाला टॅली पुरते. एखादा अहवाल हवा तसा निघत नसेल तर डेटाबेसची जाण असलेला, एक्सेलमध्ये पक्का मुलगा पुरेसा असतो. स्वतःची ईआरपी लिहायला घेतली की ते भिजत घोंगडं होतं, आणि लिहिणारा पुण्याला गेला की त्या घोंगड्याला वाली उरत नाही.

तिसऱ्या कंपनीचं तसं नाही. दूध संस्थेत वजनकाटा आणि मिल्क अॅनालायझर संगणकाला बहुधा सीरियल पोर्टने जोडलेले असतात, आणि प्रत्येक उत्पादकाची माहिती पाठवायची तऱ्हा वेगळी. एक फॅट आधी पाठवतो, दुसरा एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). एकाच्या ओळीत दशांश चिन्ह असतं, दुसरा ४२ पाठवतो आणि तुम्ही ते ४.२ समजायचं. राधानगरी-गगनबावड्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, त्यामुळे नोंद आधी मशीनवरच साठवून नंतर सर्व्हरला पाठवावी लागते, आणि तीच नोंद दोनदा गेली तर ती ओळखून एकदाच धरावी लागते. बिल दर दहा दिवसांनी निघतं. दरपत्रक मधल्याच दिवशी बदललं तर कोणत्या वेळच्या दुधाला कोणता दर, हे चुकून चालत नाही. पैशाचा हिशेब फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांशात) ठेवला तर नोंदीनोंदीत पैशाच्या अंशाचा फरक पडू शकतो, आणि दहाव्या दिवशी सभासदाच्या हातातली पावती आणि संस्थेचं रजिस्टर जुळत नाही. (रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवावी.) हे सगळं सकाळी सहाला संस्थेच्या काट्याजवळ उभं राहिलं की समजतं. तासावर काम करणाऱ्या एजन्सीचा माणूस तिथे एकदा येईल, महिन्यातून चारदा येणार नाही. अशा कंपनीने पगारी डेव्हलपर लवकर घ्यावा. पहिले दहा-बारा पैसे देणारे ग्राहक झाले की लगेच शोध सुरू करावा.

सीएनसी मशीन किती वेळ चालली हे मोजणारं उपकरण, ऊस वाहतुकीचं वेळापत्रक, गुळाच्या सौद्यांची नोंद हे धंदेही याच वर्गात येतात. ओळखायची खूण एकच: सॉफ्टवेअर काढून घेतलं तर तुमच्याकडे विकायला काही उरतं का? उरत असेल तर ते अवजार.

बारा आठवड्यांची नोंद

अंदाजावर जाऊ नका. एक साधी शीट उघडा आणि एजन्सीला किंवा फ्रीलान्सरला सांगितलेलं प्रत्येक काम तिच्यात लिहा. रकाने असे: तारीख, कोणी मागितलं (ग्राहक, आपला विक्रीवाला की आपणच), काय बदल, प्रकार (नवीन, दुरुस्ती की नुसती शंका), कामाला लागलेले तास, आणि सांगितल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत गेलेले दिवस. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी भरत नाही.

बारा आठवड्यांनी शीट वाचायला घ्या. आधी महिन्याचे तास बघा. ४० च्या आत असतील तर विषय संपला, फ्रीलान्सर किंवा महिन्याला ठरावीक तासांचा करार पुरे. ४० ते ८० मध्ये असाल तर त्याच एजन्सीकडून एक ठरलेला माणूस आठवड्यातले दोन दिवस मागा. नाव ठरलेलं पाहिजे, नाहीतर दर वेळी नव्याला पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. सलग तीन महिने ८० च्या वर असाल आणि पुढच्या सहा महिन्यांचं काम आत्ताच दिसत असेल, तर माणूस घेण्याचा विचार खरा.

मग तास आणि दिवस यांचं प्रमाण बघा. तीन तासांच्या कामाला बारा दिवस लागत असतील तर अडचण कौशल्याची नाही, रांगेची आहे; एजन्सीकडे तुमच्यासारखे दहा ग्राहक आहेत. रांगेमुळे एखादा ग्राहक सुटला असेल तर त्याचं वर्षाचं बिल त्या ओळीपुढे लिहा. तीस तासांच्या कामाला बारा दिवस लागत असतील तर मात्र एजन्सी ठीक चालली आहे, आणि तुमचा माणूसही त्याहून फार लवकर करणार नाही.

शेवटी 'कोणी मागितलं' हा रकाना. अर्ध्याहून जास्त मागण्या मालकाच्याच असतील तर डेव्हलपर घेऊ नका. उत्पादन काय असावं हेच अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवायला कागद-पेन्सिल आणि वीस ग्राहकांच्या भेटी पुरतात.

इकडे एक गोष्ट खास लक्षात ठेवावी लागते. उसाशी किंवा गुळाशी जोडलेलं काम असेल तर ही बारा आठवड्यांची नोंद गळीत हंगामात पडली की आकडे फुगतात आणि उन्हाळ्यात पडली की काहीच दिसत नाही. निम्मे आठवडे हंगामातले, निम्मे बाहेरचे घ्या. माणसाचा पगार बाराही महिने द्यायचा असतो.

आकडेमोड

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे घालून पुन्हा मांडा.

समजा, तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला महिना ५०,००० द्यायचे ठरले. वर्षाचे ६,००,०००. दिवाळीला एक पगार, ५०,०००. लॅपटॉप ७०,००० चा, तीन वर्षांत विभागला तर वर्षाला साधारण २३,०००. सर्व्हरची चाचणी प्रत, खाती, इंटरनेट, बसायची जागा मिळून महिना ५,००० म्हणजे ६०,०००. आरोग्य विमा १०,०००. आणि जो खर्च नेहमी विसरला जातो तो: त्याचं काम तपासणारा बाहेरचा अनुभवी माणूस. महिन्याला पाच तास, तासाला १,५०० धरले तर वर्षाला ९०,०००. बेरीज ८,३३,०००.

आता तास. महिन्याचे २२ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे १७६ तास कागदावर. त्यातून बैठका, फोन, शिकणं, ग्राहकाच्या शंका वजा केल्या की प्रत्यक्ष कामाचे ११० हाती लागले तरी चांगलं. रजा-सुट्ट्यांचा एक महिना सोडून ११ महिन्यांचे १,२१०. पहिले दोन महिने तो निम्म्याच वेगाने चालणार, म्हणून ११० वजा. पहिल्या वर्षी उरले १,१००. तासाचा भाव पडला साधारण ७५७ रुपये.

एजन्सी तासाला ९०० घेत असेल तर ८,३३,००० रुपयांत तिचे वर्षाला ९२५ तास येतात, महिन्याला ७७. यापेक्षा कमी काम असेल तर एजन्सीच स्वस्त. एजन्सीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची विक्री करपात्र असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं (तो तुमच्या भरायच्या करातून वळता होतो) आणि गणित आहे तसंच राहतं. तुमचा माल किंवा सेवा करमुक्त असेल तर क्रेडिट मिळत नाही, एजन्सीचा तास १,०६२ ला पडतो आणि बरोबरीचा आकडा ६५ तासांवर येतो. वर सांगितलेली ८० ची रेषा ७७ च्या थोडी वर धरली आहे ती याचसाठी. काठावरच्या आकड्यावर माणूस घेऊ नये.

भविष्य निर्वाह निधी २० माणसांपासून सक्तीचा आहे, ईएसआय साधारणपणे १० पासून आणि महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला. पाच-सात जणांच्या कंपनीत हे दोन्ही लागत नाहीत, पण व्यवसाय कराची नोंदणी आणि दरमहा कपात लागते. पुण्यातून येणारा माणूस पीएफ आधीपासून भरत असतो आणि तो खंडित व्हायला नको असं त्याला वाटतं. स्वेच्छेने नोंदणी करता येते. सीएला आधीच विचारा, ऑफर लेटर दिल्यावर नको.

बँकेत किती असावं? त्या माणसावरचा बारा महिन्यांचा पूर्ण खर्च, तोही बाकी धंद्याला हात न लावता. नऊपेक्षा कमी महिन्यांचा असेल तर थांबा. गुंतवणूकदाराचं 'पैसे येतायत' हे वाक्य बँकेत जमा होत नाही.

किल्ल्या ताब्यात घ्या, माणूस नंतर

नवा डेव्हलपर पहिल्या दिवशी येतो आणि कळतं की कोड एजन्सीच्या गिटहबवर (कोड साठवायच्या साइटवरच्या खात्यात) आहे, डोमेन एजन्सीच्या मालकाच्या नावावर आणि सर्व्हरचा ओटीपी त्याच्या भाच्याच्या मोबाइलवर जातो. मग पहिला पगार वाट पाहण्यात जातो. ही साफसफाई माणूस शोधायच्या आधी करा, आणि एजन्सीशी संबंध गोड असताना करा. भांडणानंतर प्रत्येक पासवर्डची किंमत लागते.

कोल्हापूरकराला हे नव्याने शिकवायची गरज नाही. फाउंड्रीत पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) ठेवलेला असतो, पण तो पार्टीचा, म्हणजे ग्राहकाचा असतो आणि चलनावर तसं लिहिलेलं असतं. कोडचंही तेवढ्याच कडकपणे ठेवा.

कंपनीच्या नावाचा एक ईमेल काढा, कोणा व्यक्तीच्या नावाचा नको. कंपनीच्या नावावर एक सिम घ्या आणि ते ऑफिसमधल्या फोनमध्ये ठेवा. सगळ्या खात्यांची मालकी आणि ओटीपी या दोनवर आणा. डोमेनच्या नोंदणीत मालक म्हणून कंपनी हवी, आणि मुदत संपायची तारीख कॅलेंडरमध्ये. एडब्ल्यूएस किंवा जे होस्टिंग असेल त्याचं मूळ खातं कंपनीचं. एजन्सीला फक्त मर्यादित अधिकाराचं वेगळं लॉगिन. कोडचं खातं कंपनीच्या संस्थेचं, आणि त्यात पूर्ण इतिहासासह कोड. झिप फाइल पाठवली तर ती नाकारा. तसंच पेमेंट गेटवे, फायरबेस (ॲपमागची गुगलची सेवा), नकाशाच्या किल्ल्या, व्हॉट्सॲप बिझनेस, आणि एसएमएससाठी डीएलटीची (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची) नोंदणी, त्यातला हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मंजूर टेम्पलेटं. डीएलटी एजन्सीच्या नावावर असेल तर एजन्सी सोडल्या दिवशी ओटीपीचे एसएमएस बंद पडतात.

अँड्रॉइड ॲपचं प्रकरण जरा सावकाश समजून घ्या. गुगल प्लेचं डेव्हलपर खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं, ॲपलचं दरवर्षी ९९ डॉलर. खातं संस्थेच्या नावाने काढा. त्यासाठी डन्स नंबर (कंपनीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, तो मिळायला वेळ जातो, पण वाट पाहणं परवडतं. घाईने व्यक्तीच्या नावाने काढलेल्या नव्या खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. ॲप आधीच एजन्सीच्या खात्यात असेल तर ते तुमच्या खात्यात हस्तांतरित करता येतं, डाउनलोड आणि रिव्ह्यू जात नाहीत. नवं ॲप टाकायला सांगणारा एजन्सीवाला स्वतःचं काम वाचवत असतो. ॲपवर डिजिटल सही करायची कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड मागून घ्या. ॲप प्ले ॲप सायनिंगमध्ये (सहीची मूळ किल्ली गुगलकडे ठेवायची सोय) असेल तर अपलोडची किल्ली हरवली तरी नवी मागता येते. नसेल आणि फाइल गेली, तर त्या ॲपचं पुढचं अपडेट कधीच देता येत नाही, प्रत्येक ग्राहकाला नवं ॲप घ्यायला लावावं लागतं.

सगळं मिळालं की नाही याची परीक्षा एका दिवसात होते. प्रकल्पाशी काही संबंध नसलेला एक डेव्हलपर दिवसाच्या मोबदल्यावर बोलवा, कोरा लॅपटॉप द्या आणि फक्त तुमच्याकडच्या फाइल व कागदांवरून सगळी यंत्रणा उभी करायला सांगा. डेटाबेसचा कालचा बॅकअपही त्याच्याकडूनच चढवून घ्या. संध्याकाळपर्यंत लॉगिनचा पडदा दिसला आणि खरी नोंद उघडली तर किल्ल्या मिळाल्या. जिथे घोडं अडलं, ती यादी एजन्सीकडे पाठवा आणि शेवटचं बिल त्यानंतर भरा.

कागदावर काय हवं

पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, हा समज सरसकट खरा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर साहित्यकृतीत धरलं आहे. कलम १७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी असते. एजन्सी किंवा फ्रीलान्सर नोकर नसतात, त्यामुळे लेखी हस्तांतर नसेल तर हक्क त्यांच्याकडेच राहू शकतो. कलम १९ आणखी बारीक आहे: हस्तांतर लेखी आणि सही केलेलं हवं, मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. आणि मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तेवढ्यापुरतं हस्तांतर रद्द समजलं जातं, करारात उलट लिहिलेलं नसेल तर. म्हणून करारात 'कायमस्वरूपी', 'जगभर' आणि 'वर्षभर वापर न झाल्यास हक्क परत जाणार नाही' हे तिन्ही शब्दांत लिहून घ्या. जुन्या एजन्सीकडूनही आजवरच्या सगळ्या कामासाठी असा एक कागद सही करून घ्या. गुंतवणूकदाराचा वकील पहिल्याच आठवड्यात तोच मागतो.

नोकराच्या करारात 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही' असं घालायची हौस अनेकांना असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. गोपनीयतेचं कलम टिकतं, ते नीट लिहा. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं तर सोडूनच द्या. चांगला माणूस ते ऐकूनच उठून जातो, आणि जो राहतो तो अडकून राहतो.

फ्रेशर की अनुभवी

कोल्हापूरचं केआयटी, इचलकरंजीचं डीकेटीई, सांगलीचं वालचंद, शिवाजी विद्यापीठ: शंभर किलोमीटरच्या आत दरवर्षी इतकी मुलं बाहेर पडतात की पहिला मोह फ्रेशर घेण्याचाच होतो. पगार निम्म्याहून कमी, उत्साह दुप्पट. तरी पहिला माणूस फ्रेशर नको. मुलं कमी हुशार असतात असं नाही, त्यांना विचारायला कोणी नसतं हे खरं कारण. डेटाबेसची रचना, बॅकअप, पैशाची नोंद असे निर्णय पहिल्या तीन महिन्यांत होतात आणि पुढे तीन वर्षं नडतात. एकटा फ्रेशर ते यूट्यूब पाहून घेतो. आता एआयची साधनं हाताशी असल्याने तो भराभर कोडही काढतो, फक्त तो चुकला कुठे हे सांगायला खोलीत दुसरं कोणी नसतं. अनुभवी माणसाच्या हातात तीच साधनं खरंच वेळ वाचवतात.

पहिला माणूस तीन ते सहा वर्षांचा अनुभव असलेला, एखादी यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी घेतलेला असावा. रात्री सर्व्हर पडल्यावर त्याला काय काय करावं लागलं, हे त्याने न अडखळता सांगितलं पाहिजे.

असा माणूस इथे मिळतो का? मिळतो, पण तो बहुधा पुण्यात किंवा बंगळुरूला बसलेला असतो. आईवडील कसबा बावड्यात किंवा कागलला, मूल शाळेत घालायचं वय, आणि शनिवारी रात्रीच्या बसचा कंटाळा. त्याला पुण्याइतका पगार लागत नाही, पण 'कोल्हापुरात खर्च कमी' म्हणून निम्मा देऊ केला तर तो मान हलवून निघून जातो. जाहिरातीत पगाराचा आकडा, पहिल्या सहा महिन्यांचं काम आणि आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यायचं हे उघड लिहा. 'पगार अनुभवानुसार' लिहिलेल्या जाहिरातीला फ्रेशरच उत्तर देतात. मोठ्या आयटी कंपन्यांत नोटीस ६० ते ९० दिवसांची असते. शोधाचा महिना, नोटिशीचे तीन, रुळायचे दोन, म्हणजे निर्णयापासून उपयोगापर्यंत सहा महिने. पुढच्या हंगामासाठी माणूस हवा असेल तर या हंगामाच्या शेवटीच शोध सुरू होतो.

पूर्ण वेळ दूरवरून काम करणारा चालेल का? दुसरा-तिसरा माणूस चालेल. पहिला नको, कारण तो काट्याजवळ किंवा मशीनजवळ उभा राहावा म्हणून तर एवढा खटाटोप.

निवडीसाठी कोडी घालू नका. तुमच्याच कोडमधली एक खरी, छोटी चूक काढा, जुना डेटा बदलून द्या आणि दोन दिवसांचे पैसे देऊन ती सोडवून घ्या. चूक सुटली का यापेक्षा त्याने आधी काय विचारलं ते बघा. न विचारता थेट लिहायला बसणारा पुढेही तेच करेल. मालकाला कोड कळत नसेल तर मघाचा पाच तासांचा तपासनीस इथे बसवा. नातेवाइकाच्या मुलाला 'बघू जमतंय का' म्हणून घ्यायचं असेल तर त्यालाही हीच दोन दिवसांची परीक्षा द्या, नाही म्हणायला तेवढा आधार होतो.

शेअर देऊन पगार कमी करायचा असेल तर कंपनी प्रायव्हेट लिमिटेड लागते. प्रोप्रायटरी किंवा एलएलपीत ईसॉप (नोकराला ठरल्या भावात शेअर घेण्याचा हक्क) देता येत नाही. दिल्यापासून हक्क पक्का होईपर्यंत कायद्याने किमान एक वर्ष जावं लागतं, आणि चार वर्षांत हप्त्याने देण्याची पद्धत रूढ आहे. तोंडी 'पाच टक्के तुझे' म्हणून ठेवू नका.

रुजू झाल्यावर

एजन्सी लगेच बंद करू नका. एक महिना दोघांना एकत्र चालू द्या. पहिला आठवडा फक्त वाचन आणि एखादी किरकोळ दुरुस्ती, तीही त्याने स्वतः लाइव्ह करावी. दुसऱ्या आठवड्यात त्याला ग्राहकाकडे पाठवा, पूर्ण दोन दिवस. तिसऱ्यापासून दुरुस्त्या त्याच्याकडे आणि नवीन काम एजन्सीकडे. महिना संपताना उलट. तो पहिल्या महिन्यातच 'हा कोड टाकाऊ आहे, नव्याने लिहितो' म्हणाला तर ऐकून घ्या आणि तीन महिने नाही म्हणा. जुना कोड कुरूप असतो तो बऱ्याचदा खऱ्या अडचणींच्या ठिगळांमुळे, आणि ती ठिगळं का आली हे तीन महिन्यांनीच समजतं.

ग्राहकांचे फोन थेट त्याच्यावर सोडू नका. दिवसाला सहा फोन आले की ११० तासांचे ६० होतात आणि वरचं सगळं गणित कोसळतं. फोन एकाने घ्यावेत, त्याच शीटमध्ये लिहावेत, आणि सोमवारी बसून त्या आठवड्याची चार-पाच कामं ठरवावीत.

दुसरा डेव्हलपर घ्यायची वेळ कळायला सोपी आहे. पहिल्याला दहा दिवसांच्या रजेवर पाठवा, फोन बंद ठेवायला सांगा. काम थांबलं आणि त्यामुळे ग्राहक खोळंबले, तर दुसरा हवा. हा दुसरा फ्रेशर चालतो, चांगलाच चालतो. शेवटच्या सत्रातल्या इंटर्नशिपसाठी जानेवारीत मुलं घ्या, जूनपर्यंत काम पाहा आणि त्यांतला एक ठेवा. दोन वर्षांनी तो पुण्याला जाईल हे धरूनच चाला. जायच्या दिवशी क्रम असा: आधी कोडचं आणि सर्व्हरचं लॉगिन बंद, मग डेटाबेसचा पासवर्ड आणि सगळ्या एपीआय किल्ल्या (बाहेरच्या सेवांचे गुप्त संकेत) बदलायच्या, त्यानंतर लॅपटॉप परत घ्यायचा, आणि हिशेब त्याच आठवड्यात चुकता करायचा. चार वर्षांनी परत यायचं मनात आलं तर त्याने आधी तुम्हालाच फोन करावा, एवढी वाट मोकळी ठेवा.